खुब्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टर वजन का विचारतात?

माझ्या मावशीचा खुबा बदलायची वेळ आली तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी एक्सरे दिव्यासमोर धरला, मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी दहा-बारा किलो उतरवा, मग बघू." मावशी तिथे गप्प बसली आणि बाहेर येऊन माझ्यावर उखडली. "चालता येत नाही म्हणून तर आले ना मी यांच्याकडे? आणि चालल्याशिवाय वजन उतरवू कसं?" इकडे आड, तिकडे विहीर.

दीड वर्षानंतर दुसऱ्या डॉक्टरांनी तिचं ऑपरेशन केलं, जवळपास त्याच वजनाला. तिच्या शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. घरात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. अंगानं इतक्या किरकोळ की नर्स एकटीच त्यांना कुशीवर वळवायची. मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं, या आजी मावशीच्या आधी घरी जाणार. चौथ्या दिवशी मावशी वॉकर घेऊन खोलीच्या दारापर्यंत जाऊन आली. आजींना मात्र नुसतं उठवून बसवलं तरी घेरी येत होती, आणि ताटातलं निम्मं तसंच परत जात होतं.

माझा अंदाज एवढा का चुकला, हे शोधता शोधता मी या विषयात शिरले. सध्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची जिकडेतिकडे चर्चा आहे, त्यामुळे "आधी वजन, मग ऑपरेशन" हा सल्ला पुन्हा नव्यानं ऐकू येतो. तो सल्ला पूर्ण चूक नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. कुठे बरोबर, कुठे चूक, हे कळायला आधी खुबा समजून घ्यावा लागतो.

खुबा म्हणजे कंबर नव्हे

बरेच जण "कंबर दुखते" म्हणून दाखवायला जातात आणि दुखणं निघतं खुब्याचं. खुब्याचा सांधा मांडीच्या अगदी वर, जांघेच्या आत खोल असतो, आणि त्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेतच जाणवतं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि कंबरेच्या हाडात त्याच्या मापाची वाटी असते. वाटीत चेंडू फिरतो, म्हणून आपण पाय पुढे-मागे, आत-बाहेर नेऊ शकतो. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासतं.

"खुब्याचं ऑपरेशन" या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. एक, झिजलेला सांधा ठरवून, तारीख घेऊन बदलणं. यात मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवतात, त्यावर नवा गोळा, आणि कंबरेच्या हाडात नवी वाटी. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी ही जोडी यशस्वी करून दाखवली, आणि आजचे सांधे त्याच कल्पनेवर उभे आहेत. दुसरी गोष्ट, पडून मोडलेलं हाड रॉड-स्क्रू घालून जोडणं किंवा मोडलेला गोळा बदलणं. हे ऑपरेशन थांबवून ठेवता येत नाही. शक्यतो एक-दोन दिवसांत उरकायचं असतं.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वजनाचा हिशेब दोन्हीकडे उलटसुलट लागतो. मावशी पहिल्या गटातली होती, आजी दुसऱ्या.

साठ किलोचा माणूस, दीडशे किलोचा भार

आता एक प्रयोग. उजव्या हातात पाण्यानं भरलेली बादली उचला. अंग आपोआप डावीकडे झुकतं आणि कंबरेचे डावीकडचे स्नायू ताठ होतात. बादली दहा किलोचीच असते, पण तिला तोलून धरायला शरीराला दहा किलोपेक्षा बरंच जास्त बळ लावावं लागतं.

खुब्यात प्रत्येक पावलाला हेच होतं. डावा पाय उचलून उजव्या पायावर आलात की सगळं धड उजव्या खुब्याच्या आतल्या बाजूला लोंबकळतं आणि डावीकडे कलायला बघतं. ते कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे, कुल्ल्याचे स्नायू उलट ओढ लावतात. सीसॉवर लहान मूल आणि मोठा माणूस बसवावा तसा हा प्रकार आहे. मधला टेकू म्हणजे खुब्याचा गोळा. लांब बाजूला शरीराचं वजन, आखूड बाजूला बिचारा स्नायू. बाजू आखूड म्हणून त्याला वजनाच्या जवळजवळ दुप्पट ओढावं लागतं. आणि टेकूवर भार पडतो तो दोन्हींचा: वजनाचाही आणि स्नायूच्या ओढीचाही.

बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भार मोजणारे सेन्सर बसवलेले कृत्रिम खुबे काही रुग्णांना घातले आणि ते चालताना आत काय घडतं ते थेट मोजलं. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना उतरताना त्याहून थोडा जास्त. एका रुग्णाचा तोल जाऊन पाय अडखळला, त्या क्षणी भार आठ पटींच्या वर गेला.

म्हणजे 60 किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला 150 किलो आणि 96 किलोच्या माणसाच्या खुब्यावर 240 किलो. पाच किलो उतरले तर दर पावलाला साधारण बारा किलो कमी.

यातून आणखी एक गोष्ट समजते. ऑपरेशन खुब्यात केलं तरी परीक्षा होते ती बाहेरच्या स्नायूची. सांध्यापर्यंत पोहोचताना सर्जनला स्नायू बाजूला सारावे लागतात, काही पद्धतींत थोडे कापून परत शिवावे लागतात. शिवाय दुखणाऱ्या पायावर माणूस वर्षानुवर्षं भार टाकत नाही, त्यामुळे ते स्नायू आधीच वाळलेले असतात. म्हणून नुसतं "वजन किती" विचारून भागत नाही; ते वजन तोलणारा स्नायू किती उरलाय हे विचारावं लागतं.

फिजिओनं मावशीला पहिल्यांदा काठी दिली तेव्हा तिनं ती ऑपरेशन झालेल्या बाजूच्याच हातात धरली. सगळेच तसं करतात. "मावशी, दुसऱ्या हातात." "अहो पण दुखतंय या बाजूला!" "म्हणूनच दुसऱ्या हातात." विरुद्ध हातातली काठी सीसॉच्या लांब बाजूला खालून आधार देते. काठीवर थोडा जरी जोर दिला तरी कुल्ल्याच्या स्नायूचं काम पुष्कळ हलकं होतं. त्याच बाजूच्या हातात धरली तर हा फायदा मिळत नाही.

बीएमआय नावाचा आकडा

फाइलवर तुमच्या वजनाशेजारी बीएमआय लिहिलेला असतो. वजन किलोमध्ये घ्या, त्याला उंचीच्या, मीटरमधल्या, वर्गानं भागा, झाला बीएमआय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात 18.5 ते 24.9 ठीक, 25 च्या पुढे जास्त, 30 च्या पुढे लठ्ठपणा आणि 40 च्या पुढे अतिलठ्ठपणा. आशियाई लोकांमध्ये मधुमेहासारखे धोके कमी बीएमआयलाच सुरू होतात, म्हणून त्यांच्यासाठी 23 पासूनच सावध व्हायला सांगतात.

हे सूत्र केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकात मांडलं, तेही समाजाचा सरासरी माणूस कसा असतो हे मोजायला. "बॉडी मास इंडेक्स" हे नाव त्याला 1972 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांच्या शोधनिबंधातून मिळालं. समोर बसलेल्या एकट्या माणसाचा निकाल लावायला ते जन्मलंच नव्हतं. त्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. चरबी पोटावर आहे की मांड्यांवर, हेही त्याला ठाऊक नसतं.

एखाद्या रुग्णालयाचा नियम असेल की बीएमआय 40 च्या वर ऑपरेशन नाही, तर काय होतं बघा. उंची 1.60 मीटर. वजन 103 किलो असेल तर बीएमआय 40.2, म्हणजे परत जा. वजन 102 असेल तर 39.8, म्हणजे या. एका किलोचा खेळ! चपला काढून उभं राहिलं आणि खिसे रिकामे केले तरी निकाल बदलू शकतो. धोका मात्र असा एका पायरीनं उडी मारत नाही, तो चढासारखा हळूहळू वाढत जातो.

जास्त वजनानं नेमकं काय बिघडतं

डॉक्टरांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती जंतुसंसर्गाची, आणि ती उगाच नसते.

त्वचेखालच्या चरबीत रक्तवाहिन्या विरळ असतात. जखम भरायला लागणारा ऑक्सिजन, जंतूंशी लढणाऱ्या पेशी, अँटिबायोटिक, सगळं रक्तातूनच येतं. म्हणजे पुरवठ्याचा रस्ताच अरुंद. त्यात चरबीचा थर जाड असला की टाके घातल्यावरही आत पोकळ्या राहतात, त्यांत पाणी साठतं आणि जखम दिवसेंदिवस पाझरत राहते. खोल सांध्यापर्यंत पोहोचायला वेळही जास्त लागतो, आणि जखम जितका वेळ उघडी तितकी जंतूंना संधी. काही सर्जन खुब्यावर पुढून, जांघेजवळून छेद घेतात. पोट सुटलेलं असेल तर बसल्यावर पोटाची घडी नेमकी त्या टाक्यांवर येते, घाम साचतो, त्वचा ओली राहते. अशा रुग्णात मागून किंवा बाजूनं छेद घेणं बरं पडू शकतं. बीएमआय सारखाच असलेल्या दोन माणसांचा धोका वेगळा का, याचं हे एक उत्तर. एकाची चरबी पोटावर, दुसऱ्याची नेमकी खुब्यावर.

साधी जखम चिघळली तर औषधानं आटोक्यात येते. पण कृत्रिम सांध्यावर जंतू बसले तर गोष्ट गंभीर. धातूला रक्तपुरवठा नसतो, जंतू त्यावर चिकट थर करून राहतात आणि त्या थराआड त्यांना औषध फारसं लागत नाही. मग पुन्हा ऑपरेशन करून धुणं, कधी सगळा सांधा काढून महिन्यांनी परत बसवणं. ठरवून केलेल्या सांधेबदलात असा खोल संसर्ग साधारण शंभरात एखाद्याला होतो. बीएमआय 40 च्या पुढे गेला की हे प्रमाण काही पटींनी वाढतं. तरीही त्या गटातही बहुसंख्य रुग्णांना काही होत नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं, नाहीतर माणूस आकडा ऐकूनच घाबरून घरी बसतो.

भूल देणाऱ्या डॉक्टरांची वेगळी यादी असते. जाड अंगात पाठीच्या कण्यातली योग्य जागा सुई घेऊन शोधणं अवघड जातं. मोठ्यानं घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला ऑपरेशननंतर गुंगीची औषधं जपून द्यावी लागतात. तुम्ही घोरता का हा प्रश्न त्यासाठी असतो. औषधांचे डोसही बदलतात: ऑपरेशनआधी देतात त्या सेफाझोलिन या अँटिबायोटिकचा नेहमीचा डोस 2 ग्रॅम, पण वजन 120 किलो किंवा त्याहून जास्त असेल तर 3 ग्रॅम देण्याची शिफारस आहे. सांधा निखळण्याचा धोकाही थोडा वाढतो, कारण पाय जवळ घेताना जाड मांड्या एकमेकींना रेटतात आणि गोळा वाटीतून बाहेर ढकलला जाऊ शकतो. पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वजनाबरोबर वाढते, म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध, आणि लवकर उठून चालणं.

"मग हलका माणूस लवकर बरा होत असेल!"

माझीही हीच समजूत होती. शेजारच्या आजींनी ती मोडली.

पडून खुबा मोडणाऱ्या वृद्धांमध्ये बारीक माणसांचं प्रमाण मोठं असतं. एकतर पडताना कुल्ल्यावर गादीसारखी चरबी नसते, थेट हाडावर आपटतं. दुसरं, आयुष्यभर कमी वजन पेललेली हाडं तेवढी भक्कम होत नाहीत. हाडं भाराला प्रतिसाद देतात. पाळी गेल्यानंतरच्या वयात चरबीच्या पेशी थोडं इस्ट्रोजेन तयार करतात आणि ते हाडांना जपतं, हाही आधार बारीक बाईला कमी मिळतो. पुढच्या काही वर्षांत हाड मोडण्याचा धोका सांगणारं फ्रॅक्स नावाचं गणित आहे, त्यातही बीएमआय विचारतात, आणि तो कमी असेल तर धोका वाढलेला दाखवतात.

ऑपरेशननंतर शरीराला दुरुस्तीसाठी प्रथिनं लागतात. जेवणातून पुरेशी आली नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती काढतं. संकटात घरातले दागिने विकावेत तसं. ज्याच्याकडे शिल्लक आहे तो निभावतो. ज्याचा डबा आधीच रिकामा, तो काय विकणार? 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. ना आजार, ना ऑपरेशन. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं सुमारे एक किलो मांस घटलं. आता 150 सेंटिमीटर उंचीच्या, 38 किलोच्या बाईचा विचार करा. बीएमआय 17 च्याही खाली. हाड मोडलंय, भूक मेलीय, ऑपरेशनचा घाव आहे. तिला एक किलो मांस गमावणं परवडणारच नाही.

म्हणून खुबा मोडलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत चित्र उलटं दिसतं. वर्षभरात दगावण्याचं प्रमाण कमी वजनाच्यांत जास्त आणि थोड्या जास्त वजनाच्यांत कमी. याला डॉक्टर "लठ्ठपणाचा विरोधाभास" म्हणतात. यातून चरबी औषधी आहे असा अर्थ काढू नये. बऱ्याच वृद्धांचं वजन आधीच्या एखाद्या आजारानं उतरलेलं असतं, आणि दोष वजनापेक्षा त्या आजाराचा असतो. पण कमी वजन म्हणजे सुरक्षित, हे मात्र खरं नाही.

एक तिसरा प्रकारही आहे, आणि तो सगळ्यात फसवा. वजन भरपूर, पण स्नायू वाळलेले. वरून भरलेला दिसणारा माणूस आतून कुपोषित असू शकतो. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन डेसिलिटरला 3.5 ग्रॅमच्या खाली असेल तर सर्जन सावध होतात, रुग्ण कितीही जाड दिसो. खुर्चीच्या हातांना न धरता पाच वेळा उठून बसता येतं का, ही साधी चाचणी कधी कधी काट्यापेक्षा जास्त सांगून जाते.

"तर मग आधी वजन उतरवूनच यावं"

तारीख ठरवून करायच्या ऑपरेशनात हा सल्ला मिळतो, आणि वजन सावकाश, स्नायू राखून उतरत असेल तर उत्तमच. दुखणंही कमी होतं. काहींचं ऑपरेशन पुढे ढकलता येतं.

अडचण घाईत आहे. तारीख मिळावी म्हणून दोन महिने उपाशी राहणारा माणूस चरबीबरोबर स्नायूही जाळतो आणि ऑपरेशनच्या टेबलावर आधीपेक्षा अशक्त होऊन पोहोचतो. काट्यावर प्रगती, प्रत्यक्षात पीछेहाट. नुसतं "वजन कमी करा" असं सांगून, ना आहारतज्ज्ञ, ना व्यायामाची सोय, रुग्णाला घरी पाठवणं हा मला तरी सल्ला वाटत नाही, ती बोळवण आहे. कारण अशा बहुतेकांचं वजन उतरतच नाही. दरम्यान खुबा झिजत राहतो, पाय आखडतो, स्नायू आणखी वाळतात.

दुसरी बाजूही ऐकायला हवी: जास्त वजनाच्या माणसाला ऑपरेशनचा फायदा कमी होतो का? दुखण्यात आणि हालचालीत मिळणारा फरक जवळपास तेवढाच असतो. त्यांची सुरुवात खालून होते, म्हणून शेवटी ते थोडे खाली पोहोचतात, पण चढलेला टप्पा सारखाच.

हे लक्षात आल्यावर धोरणंही बदलली. उपचार कसे करावेत याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2022 मध्ये सांगितलं की केवळ बीएमआयकडे बघून कुणाला सांधेबदलासाठी पाठवायचं नाकारू नये. अमेरिकेत संधिवाततज्ज्ञ आणि सांधेबदल करणारे सर्जन यांच्या संघटनांनी 2023 मध्ये मिळून मार्गदर्शन दिलं: ठरावीक वजन गाठेपर्यंत ऑपरेशन अडवून ठेवू नये. त्याच मार्गदर्शनात दोन गोष्टींसाठी मात्र थांबायला सांगितलंय. साखर आटोक्यात नसेल तर ती आणा, आणि तंबाखू-सिगारेट सोडा किंवा कमी करा. दोन्हींनी जखम भरणं बिघडतं आणि दोन्ही काही आठवड्या-महिन्यांत सुधारता येतात. वीस किलो तेवढ्या वेळात उतरत नाहीत. तरी सगळे सर्जन यावर एकमताचे नाहीत, आणि बीएमआय 45-50 च्या पुढे गेला तर हात आखडता घेणाऱ्यांची भीती मला समजते.

इंजेक्शन घेत असाल तर आधी सांगा

वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधं भूक कमी करतात आणि जठर उशिरा रिकामं होऊ देतात. वजन उतरतं ते त्यामुळेही. पण भूल देताना जठरात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. रात्रीपासून उपाशी राहूनही पोट भरलेलं असू शकतं! म्हणून हे औषध कधी थांबवायचं, की चालू ठेवून आदले दिवशी फक्त पातळ आहार घ्यायचा, हे भूलतज्ज्ञ ठरवतात. स्वतःच्या मनानं बंद करू नका, आणि लपवू तर मुळीच नका. शिवाय भूक गेली की प्रथिनंही कमी जातात, हे वर सांगितलंच.

"भारी माणसाचा नवा सांधा लवकर झिजेल"

तर्क बरोबर वाटतो. पण कृत्रिम सांधा वर्षांवर झिजत नाही, पावलांवर झिजतो. गाडीचं टायर कसं, किती वर्षं झाली यापेक्षा किती किलोमीटर पळालं हे बघावं लागतं. भारी माणूस बहुधा कमी चालतो, त्यामुळे दर पावलाचा भार जास्त असूनही एकूण झीज अपेक्षेएवढी वाढत नाही. मोठ्या नोंदींवरून बघितलं तर बदललेल्या शंभर खुब्यांपैकी सुमारे 58 पंचवीस वर्षं टिकतात. अर्थात काही बारीक दांड्यांना कंपन्यांनीच वजनाची मर्यादा घातलेली असते, पण त्याची काळजी सर्जननं करायची, रुग्णानं नव्हे.

पहिले सहा आठवडे

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. वॉकरवरून काठीवर यायला काही आठवडे, बऱ्यापैकी मोकळं चालायला तीन महिने आणि शेवटची सुधारणा वर्षभर चालू राहते. जास्त वजनाच्या माणसाला यातला प्रत्येक टप्पा थोडा उशिरा येऊ शकतो. मावशीला काठीवर यायला आठ आठवडे लागले. बाजूच्या खोलीतल्या एका काकांना चार. तुलना करून ती खट्टू व्हायची.

वजनानुसार खबरदारी बदलते. भारी माणसानं घरी जाण्याआधी वॉकर, कमोडची खुर्ची, पलंग आपलं वजन पेलतील का ते विचारून घ्यावं. त्या वस्तूंवर मर्यादा लिहिलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. बैठक उंच हवी, गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, निदान सर्जन मोकळीक देईपर्यंत. पोटाची घडी टाक्यांवर येत असेल तर ती जागा कोरडी ठेवायची, आणि पाच-सहा दिवसांनंतरही जखम पाझरत असेल तर "बघू उद्या" न म्हणता डॉक्टरांना दाखवायचं. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर तातडीनं.

बारीक माणसाचं काम उलट. त्याला भरवायचं. आजारी ज्येष्ठांसाठी रोज शरीराच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सुचवतात. 40 किलोच्या आजींना म्हणजे 48 ते 60 ग्रॅम, किडनीचा त्रास नसेल तर. एका बैठकीत ते जमत नाही, थोडं थोडं पाच-सहा वेळा द्यावं लागतं. आणि नुसतं भरवून स्नायू येत नाहीत, त्याला व्यायाम हवा. दुखतं म्हणून व्यायाम टाळला जातो, म्हणून गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, नंतर नव्हे.

"सांधा बदलला की चालणं वाढेल, वजन आपोआप उतरेल"

नाही उतरत. बहुतेकांचं वजन वर्षभरानंतर साधारण होतं तिथेच असतं, काहींचं वाढतंही. वर्षानुवर्षं लागलेल्या बसून राहायच्या सवयी खुब्यात नसतात, त्यामुळे खुब्याबरोबर बदलल्या जात नाहीत. मात्र आता चालता येतं, त्यामुळे प्रयत्न करायला जागा होते. दीड वर्षापूर्वी मावशीकडे तीही नव्हती.

शेजारच्या आजी एकोणिसाव्या दिवशी घरी गेल्या, स्ट्रेचरवर. जाताना त्यांच्या सुनेनं फिजिओला विचारलं, "आता यांचं वजन वाढू द्यायचं ना हो?" फिजिओ म्हणाली, "वाढवायचंच आहे. फक्त रोज दोनदा खुर्चीतून उठवा, म्हणजे ते पायात जाईल." मावशीनं ते ऐकलं, पांघरूण बाजूला केलं, आणि मला वॉकर पुढे सरकवायला सांगितला.